आजचं अंतर शून्य मैल

लांबच्या सागरी सफरीवरून आलेल्या माणसाला लोक जे प्रश्न विचारतात ते ठरलेले असतात. वादळ लागलं का? देवमासा दिसला का? रात्री भीती नाही वाटत? आणि मग, आवाज जरा खाली आणून, बोटीवर अंघोळ-बिंघोळीचं काय करता? या चारही प्रश्नांची उत्तरं माझी आता पाठ झाली आहेत, आणि दर खेपेला सांगताना त्यातलं वादळ थोडं थोडं वाढत चाललं आहे. पण "बंदरात नुसते पाऊस बघत बसलात, असं कधी झालं का हो?" हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. विचारलं तर सांगण्यासारखं सगळ्यात जास्त त्याच खात्यावर जमा आहे.

हे काही माझ्या एकटीचं नाही. जोशुआ स्लोकम हा शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. २४ एप्रिल १८९५ ला तो बोस्टनहून निघाला आणि २७ जून १८९८ ला न्यूपोर्टला पोचला. एकूण अंतर ४६,००० मैल. माझी नोकरी बँकेत झाली, त्यामुळे दोन आकडे शेजारी दिसले की भागाकार केल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्याची 'स्प्रे' बोट दिवसाला फक्त १०० मैल जात होती असं धरलं, आणि ती त्याहून बरीच पळायची, तरी समुद्रावरचे दिवस होतात ४६०. प्रवास चालला ११६० दिवस. मग उरलेले ७०० दिवस स्लोकम होता कुठे? बंदरात. बोट दुरुस्त करत, गावोगाव व्याख्यानं देत, कुणाकुणाकडे जेवायला जात, आणि हवा सुधारायची वाट बघत. ज्याला आपण जगप्रदक्षिणा म्हणतो, तिचा निम्म्याहून जास्त भाग तो जागेवर होता!

आमची सफर एवढी थोर नव्हती. माझा मावसभाऊ, आम्हा सगळ्या भावंडांचा दादा, जन्मभर मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होता. निवृत्त झाल्यावर साउदम्प्टनला स्थायिक झाला आणि जन्मभर इंजिनाचा आवाज ऐकल्याचं उट्टं काढायला त्याने शिडाची एक जुनी छत्तीस फुटी बोट घेतली. तिचं नाव ठेवलं 'वाशिष्ठी'. मूळचे आम्ही चिपळूणचे. २००५ साली आणि पुन्हा २०२१ साली वाशिष्ठी नदी मावशीच्या घरात शिरली होती. "ती आपल्या घरी येऊन गेली, आता आपण तिला समुद्र दाखवू," हे दादाचं म्हणणं. नाव छान आहे, पण परक्या बंदरात शिरताना रेडिओवर ते एकेक अक्षर फोडून सांगावं लागतं. व्हिक्टर, अल्फा, सिएरा, हॉटेल, इंडिया, सिएरा, हॉटेल, टँगो, हॉटेल, इंडिया. तीन हॉटेलं आणि दोन इंडिया ऐकून पलीकडचा अधिकारी क्षणभर गप्प होतो, मग दमून विचारतो, बोटीवर माणसं किती?

माणसं दोन. दादा आणि मी. माझी नेमणूक दोन पात्रतांवर झाली होती : मला स्वैपाक येतो आणि बोट लागत नाही. वहिनींकडे यातली पहिलीच होती, म्हणून त्या साउदम्प्टनला राहून फोनवरून बोट चालवत.

कॅरिबियनमधल्या अँटिग्वाहून निघून आम्ही इंग्लंडकडे परतत होतो. नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ सरळ जाते. बोट तशी जात नाही. व्यापारी वारे तोंडावर येतात. म्हणून आधी उत्तरेकडे चढायचं, पश्चिमेकडून वाहणारे वारे गाठायचे आणि मग त्यांच्या पाठबळावर युरोपकडे वळायचं. या वाटेवर, भर अटलांटिकमध्ये, पोर्तुगालच्या मालकीची अझोर्स नावाची नऊ बेटं आहेत. त्यांतल्या फायाल बेटावरचं होर्टा हे गाव म्हणजे शिडाच्या बोटींचा हक्काचा थांबा. मे-जून महिन्यांत तिथे इतकी गर्दी होते की बोटींना धक्का पुरत नाही. एका बोटीला दुसरी, दुसरीला तिसरी, अशा त्या खेटून बांधतात. आमची बोट चौथी होती. गावात जायचं तर तीन परक्या संसारांवरून, बूट हातात घेऊन, "माफ करा, माफ करा" म्हणत पलीकडे जावं लागे. पहिल्या बोटीतल्या नॉर्वेजियन आजोबांची न्याहारीची वेळ आणि माझी पाव आणायला जायची वेळ एकच होती. आमची ओळख त्यांच्या उकडलेल्या अंड्यावरून झाली.

तर अशा होर्टात एका सकाळी जाग आली ती पावसाने.

समुद्रावरचा पाऊस हे काम असतं. क्षितिजावर काळा पट्टा दिसला की आधी शीड कमी करायचं, झरोके लावून घ्यायचे, अंथरुणं आत ओढायची. मग वाऱ्याचा पहिला झोत ओसरला की शिडावरून ओघळणारं पाणी बादलीत धरायचं, आणि तेवढ्यात जमलं तर डोक्याला साबण लावून घ्यायचा. पाऊस मध्येच थांबला तर साबण तसाच राहतो. बंदरातला पाऊस मात्र आपल्याकडून काहीच मागत नाही. दोर बांधलेले असतात, शीड गुंडाळलेलं असतं. सहा वाजता सवयीने डोळा उघडतो, "पाळी कुणाची?" हा प्रश्न मनात येतो आणि उत्तर मिळतं, कुणाचीच नाही. ते उत्तर ऐकून पुन्हा पांघरूण ओढून घेण्याचं जे सुख आहे, ते मला बँकेत एकाही बँक हॉलिडेने दिलेलं नाही.

पण छत्तीस फुटी बोटीत हे सुख तासाभरापेक्षा जास्त टिकत नाही. सगळे झरोके बंद. आत डिझेलचा वास, कालच्या कांद्याचा वास आणि दोन माणसांच्या ओल्या रेनकोटांचा वास. छतावर दव धरतं आणि नेमकं उशीच्या वर एक थेंब तयार होतो. तो फुगत जातो, पडेल पडेल वाटतं, पडत नाही. आपली नजर हटली की पडतो. बाहेर शेकडो डोलकाठ्यांवर शिडांचे दोर आपटत असतात. टण, टण, टण. प्रत्येक बोटीचा सूर वेगळा, ताल वेगळा, आणि समेवर कुणीच येत नाही. दादा उठला, डोकं बाहेर काढून त्याने समोर पाहिलं आणि जाहीर केलं, "पिको नाही."

पिको म्हणजे समोरच्या बेटावरचा डोंगर. उंची २३५१ मीटर. पोर्तुगालमधलं सगळ्यात उंच शिखर तेच. दोन बेटांमध्ये फक्त एक अरुंद खाडी, त्यामुळे डोंगर होर्टाच्या अगदी अंगावर येतो. गावातली माणसं हवामान बघायला मोबाइल काढत नाहीत, पिकोकडे बघतात. माथ्यावर ढगाची टोपी असली तर एक अंदाज, पट्टा कमरेला असला तर दुसरा. आज टोपी नव्हती, पट्टा नव्हता आणि डोंगरही नव्हता. पाऊस म्हणावा तर चिपळूणच्या माणसाने त्याला पाऊस म्हणू नये. धार नाही, आवाज नाही. हवेत नुसतं पाणी उभं राहिलेलं. छत्री वरून धरा की बाजूने, चष्मा दोन मिनिटांत ओला.

"आज कपडे धुऊन घेऊ," मी म्हटलं.

"पावसात?" दादा म्हणाला.

"यंत्र आतमध्ये आहे ना."

हा विचार होर्टात मलाच पहिल्यांदा सुचला असावा असा माझा समज होता. बंदराच्या लाँड्रीत पोचले तर अर्धा अटलांटिक तिथे रांगेत उभा. प्रत्येकाच्या खांद्यावर शीड ठेवायची मोठी पिशवी, आणि तिच्यात खारट झालेले टॉवेल. खरं तर बंदराची संसद ही. कुणाचा पंप गेला, कुणाच्या शिडाला भोक पडलं, कुणाचा स्वयंचलित सुकाणू भर समुद्रात राजीनामा देऊन मोकळा झाला, हे सगळं इथे कळतं. मुख्य विषय एकच : कधी निघणार? प्रत्येकाच्या फोनमध्ये हवामानाचा वेगळा नकाशा. एकात गुरुवारी नैर्ऋत्य वारा, दुसऱ्यात शनिवारी, तिसऱ्यात नाहीच. लग्न ठरवायचंच असलं की पत्रिका जुळवून देणारा गुरुजी शोधतात, तसा ज्याला जायची घाई होती त्याला गुरुवारचा नकाशा बरोबर वाटत होता. एका पोलिश जोडप्याचं यावरून भांडण चाललं होतं. मला पोलिश येत नाही, पण नवऱ्याचं बोट नकाशावर होतं आणि बायकोचं ओल्या कपड्यांच्या ढिगावर, तेव्हा मुद्दा समजायला अडचण आली नाही.

लाँड्रीच्या कोपऱ्यात एक पुस्तकांची फळी होती. एक ठेवायचं, एक न्यायचं. मी माझं वाचून झालेलं ठेवलं आणि एक रहस्यकथा आणली. तिची शेवटची पानं ओली होऊन चिकटून गेली होती. खून कुणी केला ते आजवर मला कळलेलं नाही.

दुपारी आम्ही 'पीटर कॅफे स्पोर्ट'मध्ये गेलो. होर्टाला येऊन तिथे गेला नाही असा बोटवाला नसतो. आझेव्हेदो कुटुंबाचं हे ठिकाण १९१८ पासून आहे. मालकाच्या मुलाचं नाव जोझे. एका इंग्रज जहाजावरच्या अधिकाऱ्याला त्याच्याकडे बघून आपला मुलगा आठवायचा, म्हणून तो त्याला पीटर म्हणू लागला. नाव माणसाला चिकटलं आणि मग दुकानालाही. छताला आणि भिंतींना जगभरच्या बोटींचे झेंडे. मोबाइल नव्हते त्या काळात बोटवाल्यांची पत्रं याच पत्त्यावर यायची आणि मालक महिनोन्महिने ती सांभाळून ठेवायचे, माणूस कधीतरी येईल या भरवशावर. आज त्या खोलीत प्रत्येक टेबलाशी ओली माणसं बसली होती आणि काचांवर वाफ धरली होती. इथली जिन-टॉनिक प्रसिद्ध आहे म्हणून आम्ही ती मागवली. तेवढ्यात वहिनींचा व्हिडिओ कॉल आला.

"काय करताय?"

"काही नाही. पाऊस आहे," दादा म्हणाला.

"ते ग्लासात काय आहे?"

"लिंबू आहे," दादा म्हणाला. हे खोटं नव्हतं. एक फोड होतीच.

वहिनी वाचणाऱ्या आहेत. आमची वाट त्या स्लोकमच्या पुस्तकावरून तपासत असत. स्लोकमही १८९५ च्या जुलैमध्ये होर्टाला थांबला होता. निघताना त्याला ताजे प्लम मिळाले आणि अमेरिकेच्या वाणिज्यदूताने पिकोचं पांढरं चीज दिलं. गड्याने दोन्हींवर ताव मारला आणि रात्री पोटातल्या कळांनी केबिनच्या जमिनीवर आडवा पडला. शुद्धीवर आला तर सुकाणूपाशी एक उंचापुरा परका माणूस उभा! तो म्हणाला, मी कोलंबसच्या 'पिंटा'चा वाटाड्या. तुझी बोट मी सांभाळतो, पण चीज आणि प्लम एकत्र खाल्लेस हे वाईट केलंस. हे सगळं स्लोकमनेच लिहून ठेवलं आहे. पिकोचं चीज आजही होर्टात मिळतं. वहिनींनी फोन ठेवताना बजावलं, "चीज खा, पण प्लम नको. आणि तुमच्या वयात जिन पण नको."

कॅफेच्या वरच्या मजल्यावर एक छोटं संग्रहालय आहे. पाऊस नसता तर मी जिना चढले नसते. काचेच्या कपाटांत देवमाशांचे दात मांडलेले, हाताच्या पंजाएवढे, काही त्याहून मोठे, आणि प्रत्येकावर बारीक कोरीव काम. एका दातावर तीन डोलकाठ्यांचं जहाज, सगळे दोर मोजता येतील इतकं स्वच्छ. दुसऱ्यावर घेरदार झग्यातली बाई. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेची देवमासे मारणारी जहाजं या बेटांवर थांबत, अन्नपाणी भरत आणि इथली तरुण पोरं खलाशी म्हणून घेऊन जात. वर्षं-वर्षं चालणाऱ्या त्या सफरींत मासा न दिसण्याचेच दिवस जास्त. मग खलाशी शीड शिवायची सुई घेऊन दातावर रेघा ओढत आणि त्यात काजळी भरत. बाई हुबेहूब जमली नाही तर मासिकातल्या चित्रावरून झग्याची तरी नक्कल करत.

त्या कपाटापुढे मी बराच वेळ उभी राहिले. ज्या दिवशी मासा सापडला त्या दिवसाचं तेल बोस्टनच्या आणि लंडनच्या दिव्यांत कधीच जळून गेलं. त्याचा हिशेब ठेवणाऱ्या कंपन्याही गेल्या. ज्या दिवशी काही सापडलं नाही, त्या दिवसांचं काम मात्र इथे दिव्याखाली ठेवलेलं आहे, आणि त्याला कुलूप आहे. कंपनीच्या वहीत त्या दिवसांपुढे नुसता खर्च पडला असणार.

मग माझ्या लक्षात यायला लागलं की होर्टा हे गावच मुळी अडकलेल्यांचं आहे. अटलांटिक ओलांडणारं पहिलं विमान होतं अमेरिकी नौदलाचं एनसी-४. १९१९ च्या मे महिन्यात न्यूफाउंडलंडहून निघालेल्या तीन विमानांपैकी दोन धुक्यात वाट चुकून समुद्रावर उतरली. एनसी-४ तेवढं १७ मे रोजी होर्टाच्या बंदरात येऊन टेकलं. सगळं जग पुढच्या बातमीकडे डोळे लावून बसलेलं, आणि विमान खराब हवेमुळे २० तारखेपर्यंत इथेच! पुढे १९३९ पासून पॅन ॲमची पाण्यावर उतरणारी क्लिपर विमानं इथे थांबू लागली. त्यांतले प्रवासी श्रीमंत आणि घाईचे. पण बंदरात लाटा मोठ्या असल्या की विमानाला उडता येत नसे, आणि त्यांनाही आमच्यासारखं पिको दिसायची वाट बघत बसावं लागे.

आणि ज्यांना थांबवलं नाही त्यांचीही एक खूण याच बेटांवर आहे. ती आपल्या किनाऱ्याशी बांधलेली आहे. वास्को द गामा १४९८ च्या एप्रिलमध्ये आफ्रिकेतल्या मालिंदीहून निघाला तेव्हा मोसमी वारा पाठीशी होता; अरबी समुद्र त्याने तेवीस दिवसांत ओलांडला. परत जाताना मात्र थांबायची तयारी नव्हती. कारवारसमोरचं अंजदीव बेट, जे आज गोव्यात मोडतं, तिथून तो ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघाला. ईशान्येचा वारा अजून नीट लागला नव्हता. इकडचा कुठलाही नाखवा म्हणाला असता, बाबा, थोडं थांब, दिवाळी तर होऊ दे. तेवीस दिवसांच्या वाटेला तीन महिने लागले. तीसेक माणसं स्कर्व्हीने गेली. उरलेल्यांना तीन जहाजं चालवता येईनात, म्हणून 'साओ राफाएल' हे जहाज जाळून टाकावं लागलं. त्या जहाजाचा कप्तान म्हणजे वास्कोचा भाऊ पाउलो. आजारी पाउलोला घेऊन वास्को अझोर्सपर्यंत पोचला. १४९९ साली पाउलो वारला तो याच बेटांपैकी तेर्सेइरावर, आणि तिथेच त्याला पुरलं. हिंदुस्थानची वाट सापडल्याची बातमी दुसऱ्या जहाजाने आधीच लिस्बनला नेली होती. घाई करणारा वास्को शेवटी भावापाशी थांबला.

आपल्या किनाऱ्याला हे थांबणं शिकवावं लागत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी हा आजचा सरकारी नियम. पण त्याच्या कितीतरी आधीपासून होड्या मे अखेरीला किनाऱ्यावर ओढल्या जात, वरून झावळ्या पडत आणि घराघरांतून आगोटीची बेगमी होई : सुकट, बोंबील, मीठ, लाकडं. मग नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या त्याचा आणि माणसं आपापली. त्या काळात जाळी विणली जात, लग्नाच्या गोष्टी पक्क्या होत, जुनी भांडणं उकरली जात आणि नवी लावली जात. याला कुणी वाया गेलेले महिने म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मलबारच्या बंदरांत तर वाऱ्याची वाट बघणाऱ्या अरबी व्यापाऱ्यांनी संसार थाटले. वारा बारा महिने अनुकूल असता, तर माल तेवढा पोचला असता. माणसं, बोली आणि स्वैपाक पोचले ते थांबल्यामुळे.

हे सगळं मी दादाला मोठ्या उत्साहाने ऐकवलं. तो म्हणाला, "ते ठीक आहे गं. पण चित्राचं काय?"

चित्राचं असं आहे. होर्टाच्या धक्क्यावर, भिंतीवर, पायाखालच्या काँक्रीटवर, जिथे बोटभर जागा सापडेल तिथे येणाऱ्या बोटींनी आपापलं चित्र काढलेलं असतं. बोटीचं नाव, साल, माणसांची नावं. बोटवाल्यांमध्ये समज असा, की चित्र न काढता जो निघेल त्याच्या पुढच्या प्रवासाचं काही खरं नाही.

"हे बघ, मी इंजिनिअर माणूस," दादा म्हणाला. "माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही."

"मग वारा आला की निघू या."

"निघू या काय? चित्र न काढता?"

आदल्या दिवशी आम्ही जागा शोधून खडूने आखणी केली होती. दादाला तीन शिडांचं गलबत हवं होतं, शेजारी होर्टाचे अक्षांश-रेखांश, खाली रायगडासारखा दिसेल असा पिको. मला फक्त देवनागरीत 'वाशिष्ठी' एवढंच हवं होतं, कारण गलबत काढणार होते मी. पावसाने रात्रीत दोन्ही मसुदे पुसून टाकले. ओल्या काँक्रीटवर तैलरंग धरत नाही. आणि लाँड्रीतल्या बहुमताप्रमाणे वारा परवा सकाळी अनुकूल होणार होता.

संध्याकाळी आम्ही तरीही गेलो. आमच्या शेजारच्या फ्रेंच बाईंनी एक ताडपत्री दिली. भिंत आणि चार बादल्या यांच्या आधाराने आम्ही ती तिरपी उभी केली. आत गुडघ्यांवर बसून दादाने जुन्या टॉवेलने काँक्रीट पुसलं, मग स्टोव्हवर गरम केलेला तवा आणून त्यावर धरला. त्याच तव्यावर मी सकाळी थालीपीठ लावलं होतं. भाजणीचा वास बंदरभर पसरला. कुठूनसे एक गृहस्थ येऊन उभे राहिले : पायात रबरी बूट, तोंडात विझलेली सिगरेट. कुठलंही काम चाललेलं असलं की ते बघायला एक माणूस येतो, त्याला देश नसतो. त्यांनी पोर्तुगीजमध्ये बरंच सांगितलं. आम्ही मराठीत उत्तरं दिली. शेवटी त्यांनी तव्याकडे बोट दाखवून मान हलवली, पिको जिथे असायला हवा होता तिथे बोट दाखवून पुन्हा मान हलवली आणि दोन बोटं वर केली. दोन दिवस. ते सांगून गेले, आणि त्यांचंच खरं ठरलं.

बोटीवर परतून मी आलं घालून चहा केला. चहा अझोर्सचाच, साओ मिगेल बेटावर गोरेयाना म्हणून मळा आहे, तिथे १८८३ पासून चहा होतो. आल्याची आणि दुधाची त्याला सवय नसावी, पण निमूट उकळला. दादा लॉगबुक घेऊन बसला. बोट चालो न चालो, रोज लिहावंच लागतं. तारीख. जागा : होर्टा. वारा : मंद. आकाश : पूर्ण ढगाळ, पाऊस. आजचं अंतर : ०. शेऱ्याच्या रकान्यात तो जरा घुटमळला आणि मग लिहिलं, "कपडे धुतले."

बँकेत एखाद्या दिवशी संपामुळे किंवा पुरामुळे काउंटरवर एकही माणूस आला नाही, तरी संध्याकाळी वही मिटवून सही करावी लागायची. सुरुवातीची शिल्लक आणि शेवटची शिल्लक तीच. मी नवीन असताना मला ते हास्यास्पद वाटायचं. व्यवहारच नाही तर सही कशाची? आमचे साहेब म्हणायचे, दिवस झाला ना, मग त्याची सही लागते. लॉगबुकातल्या त्या शून्याकडे बघताना साहेबांचं म्हणणं पटलं. दिवस झाला होता. त्याने एक मैलही पुढे नेलं नव्हतं, पण त्यात एक उकडलेलं अंडं, एक पोलिश भांडण, जहाज कोरलेला दात, पाउलो द गामा आणि तवा एवढी नोंद होती. त्याआधी समुद्रावर गेलेल्या कितीतरी दिवसांपुढे १२०, १३५, ११८ असे भरघोस आकडे आहेत, आणि त्यांतला कुठला दिवस कुठला, हे मला आज सांगता येणार नाही.

सांगितल्याप्रमाणे वारा आला. बऱ्याच बोटी निघून गेल्या. आम्ही रंग वाळायची वाट बघत थांबलो आणि मग निघालो. गेलेल्यांना वारा चांगला मिळाला, आम्हालाही चांगलाच मिळाला. चित्राचा आणि वाऱ्याचा काहीएक संबंध नाही, हे दादाने इंग्लंडपर्यंत मला अनेकदा समजावून सांगितलं.

शिडाच्या बोटीवर सगळ्यात धोक्याची वस्तू कोणती, असं अनुभवी बोटवाल्यांना विचारलं तर ते सांगतात, कॅलेंडर. अमुक तारखेला पोचायचंच म्हणून नको त्या हवेत निघालेली बोट संकटात सापडते. आमच्या बोटीत स्टोव्हशेजारी कालनिर्णय टांगलेलं होतं, पण चतुर्थी-एकादशी बघण्यापुरतं. निघायची तारीख त्यावर लिहायला दादाची सक्त मनाई होती, आणि ती पटण्यासारखी आहे. तुमची सफर बोटीची असेल, रेल्वेची असेल किंवा नुसती मुलीकडे दोन महिने राहायला जाण्याची असेल. परतीची तारीख अगदी चेपून बसवू नका. दोन दिवस मोकळे ठेवा. ते पावसात जातील. जाऊ द्यात. आणि घरी आल्यावर कुणी विचारलंच, की काय काय पाहिलंत, तर आधी ते दोन दिवस सांगा.